फिकट निळ्या कागदाचे अठ्ठावीस दिवस

"हा कागद पांढरा आहे."

शिडीवर चढून आपल्या नव्या पबच्या दाराला रंग देणाऱ्या नेरिसने खाली पाहिलं. शेजारच्या बेकरीतला गेथिन तिच्या खिडकीच्या काचेला नाक टेकवून उभा होता. कोपरापर्यंत पीठ!

"कागद पांढराच असतो," ती म्हणाली.

"नव्या पबच्या लायसन्ससाठी केलेल्या अर्जाची नोटीस फिकट निळ्या कागदावर लागते. सलग अठ्ठावीस दिवस. कायदाच आहे तसा."

"अहो, नऊ दिवस झालेत लावून!"

"ते नऊ... धरणार नाहीत."

नेरिस शिडीवरून खाली उतरली. फेब्रुवारीत वेल्सचा पहिला रग्बी सामना, त्याच दिवशी पब उघडणार, असं तिने गावभर सांगून ठेवलं होतं. सहा वर्षं दुसऱ्यांच्या पबमध्ये ग्लास विसळताना तिने हाच दिवस डोळ्यांपुढे ठेवला होता.

"तुम्हाला बरा कायदा पाठ!"

"आक्षेप कसा घेतात, ते शोधत होतो," गेथिन ओशाळला. "मी पहाटे दोनला उठतो, रात्री नऊला झोपतो. आणि भिंत एकच ना आपली..."

ती इतकी चिडली की आभार मानायचेही राहिले. निळी नोटीस मात्र तासाभरात लागली.

मग तो रोज सकाळी आठला नोटीस जागेवर आहे ना, ते बघायला येऊ लागला. हातात तव्यावरचे गरम वेल्श केक.

"अकरावा दिवस," तो म्हणायचा.

"नोटीस तिकडे आहे. बघताय कुठे?"

"वाचून झाली... पाठच आहे आता."

नेरिस हसू दाबायची. बाराव्या दिवसापासून ती आठच्या आधी केस विंचरू लागली. आवडत होता तो तिला, उगीच नाकारण्यात अर्थ नव्हता.

विसाव्या दिवशी कौन्सिलचं पत्र आलं. एक आक्षेप, गेथिनचा. आता सुनावणी होणार, म्हणजे सामन्याचा मुहूर्त गेलाच. तीन दिवस तिने दार उघडलं नाही. केक पायरीवर गार होत राहिले.

चौथ्या दिवशी तिने आक्षेप नीट वाचला. मागणी एवढीच होती, पबच्या मागच्या अंगणाचं दार रात्री नऊला बंद व्हावं. आणि तिला एकदम उमगलं. हा माणूस त्या दिवशी पांढऱ्या कागदाबद्दल गप्प बसला असता, तर सगळा अर्जच बाद झाला असता. झोप त्याचीच वाचणार होती, तरी त्याने सांगितलं.

ती तडक बेकरीत गेली. गेथिनने एक कागद पुढे केला. कौन्सिलला लिहिलेलं पत्र होतं.

"आक्षेप मागे घेत आहे. अर्जदार मला फार आवडते. झोपेचं मी बघून घेईन."

"हे... कौन्सिलला पाठवणार होतास?"

"आधी तू वाचावंस म्हणून थांबलो."

नेरिसचे डोळे भरून आले. तिने त्याच्या कानामागची पेन्सिल काढली, शेवटचं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं : "अट मान्य. दार रात्री नऊला बंद. लायसन्सवर तसं छापावं."

"अगं, आक्षेप मागे घेतला की सुनावणी तशीही टळते, पण या अटीने गिऱ्हाईक तुटेल तुझं!"

"तुटू दे," ती म्हणाली. "माझ्या माणसाला झोप लागली पाहिजे."