पोटभाडेकरू

सकाळी आल्याबरोबर आधी फ्लास्कांना खाऊ घालायचं आणि मग स्वतः चहा घ्यायचा, ही बाईंच्या प्रयोगशाळेची शिस्त होती. चपट्या, पारदर्शक बाटल्यांच्या तळाशी एका चावऱ्या माशीच्या पेशींचा पातळ थर वाढत असे, आणि त्या पेशींच्या पोटात जिवाणू. पेशीबाहेर ते जगत नसत, आणि त्यांच्यावाचून माशीला पिलं होत नसत.

"पोटभाडेकरू आहेत," बाई म्हणायच्या, "पण घरमालकिणीचा वंश चालवणारे."

ती माशी जिथून आणली होती, ते जंगल आता उरलं नव्हतं. गोठवलेला साठा फ्रीझर बंद पडून वाया गेला होता. बाईंचं आयुष्यभराचं काम एका उबदार कपाटात मावत होतं. डोळ्याच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी ते आपल्या मदतनीस मुलीच्या हवाली केलं. ती द्रव ओढायच्या काचनळीसारखी उंच आणि सडसडीत, म्हणून सगळे तिला पिपेट म्हणत.

पिपेट चुकली. रोजच्या खाऊऐवजी शेजारच्या फळीवरचं गुलाबी द्रावण तिने फ्लास्कांत घातलं. रंग तोच, पण त्यात जिवाणू मारणारं अँटिबायोटिक होतं. नुसत्या पेशी वाढवणारे ते डोळे मिटून वापरतात, म्हणून पेशी मेल्या नाहीत, उलट तरारल्या. पिपेट खूश झाली. मग एका सकाळी तिला शंका आली. इतक्या टवटवीत पेशी? पोटात बिऱ्हाड असताना?

फक्त त्याच जिवाणूला चिकटणारा रंग घालून तिने काचपट्टी बघितली. एरवी प्रत्येक पेशीत केंद्रकाभोवती हिरव्या ठिपक्यांचं कोंडाळं दिसायचं. आज काळोख होता. सगळ्या फ्लास्कांत काळोख.

तिने फोन लावला. "बाई, मी भाडेकरू मारले."



"रडतेस कशाला? येते मी."

"पण डॉक्टर सोडतील का?"

"त्यांना विचारतंय कोण!"

बाई डोळ्यावर पट्टी बांधून आल्या. रागावल्या नाहीत, तेच पिपेटला जास्त लागलं. उघड्या डोळ्यापाशी फ्लास्क धरून त्या म्हणाल्या, "पेशी मात्र छान पोसल्यास हं. आता बाहेर जा. दार ओढून घे."

दाराच्या काचेतून बाईंची फक्त पाठ दिसत होती, आणि फ्लास्कांवर ठेवलेले उघडे हात. हातमोजे विसरणाऱ्याला घरी पाठवणाऱ्या बाई!

बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताजं द्रावण घाल," उघड्या हाताने पिपेटचा गाल थोपटत त्या म्हणाल्या. "आणि या वेळी बाटलीवरची चिठ्ठी वाच, बाळ."

दोन दिवसांनी हिरवे ठिपके दिसले.

मेलेलं परत येत नाही, एवढं विज्ञान पिपेट शिकली होती. तिने त्यांची जनुकं तपासून आणली. तेच होते, अक्षरन् अक्षर तेच.

"बाई, हे आले कुठून?"

"गेले कुठे होते?" बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

पिपेट तासन्‌तास बघत बसू लागली. पेशी दुभंगताना जिवाणू आपसांत वाटणी करून घेत. दोन्ही लेकींच्या पदरात सारखे. कुणी मागे राहत नसे, कुणी धक्काबुक्की करत नसे. इतकं समंजस कुटुंब तिने माणसांत पाहिलं नव्हतं.

अहवालासाठी तुलनेची एक काचपट्टी हवी होती, जिच्यात काहीही दिसता कामा नये अशी. नेहमीप्रमाणे तिने स्वतःच्या गालाच्या आतून थोडं खरवडलं, रंग घातला, डोळा लावला.

हिरवं.

तिने काच बदलली. रंग बदलला. दुसरा गाल खरवडला.

हिरवं. केंद्रकाभोवती, शिस्तीत.

"बाई," ती नजर न उचलता म्हणाली.

बाई वाकल्या. पाळण्यात डोकवावं तशा बघत राहिल्या.

"बसले गं नीट," त्या हळूच म्हणाल्या. "चला, आता मी आजारी पडून औषधं घ्यायला मोकळी."

त्या खोलीबाहेर निघून गेल्या.   पिपेटने फोकस आणखी जुळवला. किती सुबक होते ते!

मग तिने पर्स उघडली. घसा धरला होता म्हणून डॉक्टरांनी कालच दिलेली अँटिबायोटिकची पट्टी अजून न फोडलेली होती. ती तिने केराच्या डब्यात टाकली, आणि कुणी उचलून परत देऊ नये म्हणून हाताने खोल दाबली.