अकराव्या जगाची हाक

बाहेर ओल्या बर्फाची पिरपिर चालली होती आणि दुकानात तो उंच मुलगा स्टोव्हजवळ उभा राहून मोबाइलला चक्क शिव्या देत होता. हातमोजे, गमबूट, दोरखंड असं बोटीवरचं सामान विकणारं दुकान ते. जपानमधल्या केसेन्नुमाच्या बंदरात शिवराळ गिऱ्हाइकांची फुमिनोला सवय होती. पण सहज तिची नजर मोबाइलच्या पडद्यावर गेली. आज सकाळी तिने नेटवर चढवलेलं कादंबरीचं प्रकरण तो वाचत होता.

"इतकं वाईट आहे?" तिने विचारलं.

"अहो, वादळ थांबावं म्हणून नायक तलवार समुद्रात फेकतो. लोखंड समुद्रात टाकतं का कुणी? सागरदेव कोपतो. आमच्या बोटीवर साधा चाकू पडला तरी कप्तान दोन दिवस बोलत नाही."

"नायक ट्रकखाली मरतो, दहा जगांतले राजे त्याला राक्षस मारायला बोलावून घेतात, ते चालतं. तलवार तेवढी चालत नाही?"

"ते चालतं." तो हसला. मग तिच्याकडे बघता बघता त्याचं हसू मावळलं. "पण हे इसामूने लिहिलेलं नाही... तुम्ही लिहिलंत. तुम्ही त्याची बहीण ना? चेहरा तोच आहे."

कादंबरीवर इसामूचं टोपणनाव होतं. खरं नाव बाहेरच्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ट्यूना मासे पकडणाऱ्या बोटीवरून इसामू समुद्रात पडला त्याला दीड वर्ष झालं होतं. सापडला नाही. मागे उरली ती नेटवरची ही अर्धवट कादंबरी. आई म्हणाली, देह सापडला नाही म्हणजे माझं पोर मेलं नाही. आणि एक दिवस फुमिनोने — बुद्धी फिरली म्हणा — त्याच्याच टोपणनावाने पुढचं प्रकरण लिहून टाकलं. आईने ते वाचलं. "बघ, लिहितोय. कुठल्यातरी बंदरात आहे." त्या दिवशी आई पोटभर जेवली. मग खरं सांगायची हिंमत कुठून आणायची?

"मी कानामे. त्याच्याच बोटीवर होतो," तो म्हणाला. "कादंबरीचा शेवट काय करायचा ते त्याने मला सांगितलं होतं."

"मला शेवट नकोय. हातमोजे घ्यायचेत का?"

त्याने घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतले. तिसऱ्या दिवशीही.

"हात किती आहेत तुम्हाला?"

"दोनच. पण तुमच्याशी बोलायचं तर काहीतरी घ्यावंच लागतं ना..."

"गमबूट घ्या मग. टिकतात."

"टिकले तर उद्या काय निमित्त काढू?"

मेला हसवायचा तिला. दीड वर्षात कुणी हसवलं नव्हतं. आठवडाभरात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. शनिवारी त्याची बोट सुटणार होती, दहा महिन्यांसाठी.

गुरुवारी धक्क्यावर बसून कानामेने इसामू पडला त्या दिवसाचं सांगितलं. "त्या दिवशी डेकवर माझी पाळी होती, फुमिनो. मला ताप होता. इसामू म्हणाला, झोप गधड्या, मी जातो."

ती उठून गेली.

शुक्रवारी सकाळी मात्र ती धक्क्यावर त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. "शेवट सांग."

"अकराव्या जगाचा राजा हाक मारतो," कानामे हळूच म्हणाला. "आणि नायक जात नाही. तो म्हणतो, मी फार दमलोय... आता मला बोलावू नका."

तेव्हा कुठे फुमिनोला कळलं. म्हणजे इतके दिवस इसामूला ओढून ओढून आणत होते ते राजे नव्हतेच. आपण मायलेकी होतो. ती तिथेच, जाळी दुरुस्त करणाऱ्या लोकांसमोर, हमसून हमसून रडली.

घरी जाऊन तिने एका बैठकीत शेवट लिहिला. दुपारी आईने तो दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला.

"हे मात्र त्याचंच आहे," आई म्हणाली. चष्मा पुन्हा चढवला. "देवळात फोन कर. त्याचा अंत्यविधी करून टाकू."

शनिवारी धक्क्यावर निरोपाची गर्दी होती. बायका रंगीत झेंडे हलवत होत्या. खलाशी डेकवरून कागदी फितींची टोकं खाली आपापल्या माणसांच्या हातात सोडत होते.

"माझी वाट बघू नको," चढण्याआधी कानामे म्हणाला.

"मला रोज वाटतं, तुझ्याऐवजी तो परत यायला हवा होता," फुमिनो म्हणाली. "आणि दुपारी तू दुकानात दिसला नाहीस की जीव टांगणीला लागतो. दोन्ही खरं आहे. आता तुझं तू बघ."

त्याने मान खाली घातली. "दोन्ही चालेल मला," तो म्हणाला आणि वर गेला.

बोट हलली. कानामेने सोडलेली, तिच्या हातातली फीत उलगडत गेली, ताणली, तुटली. कुणालाही पुन्हा हाक मारायची नाही असं तिने ठरवलं होतं. कालच, इसामूसाठी रडताना. तरी ती धावत धक्क्याच्या टोकाशी गेली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, "कानामे, परत ये!"

डेकवरून त्याने हात वर केला. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. हात तर सगळेच हलवत होते.