पोत्यातला चौथा तुकडा

"माझा माणूस खुनी आहे म्हणतात," मिस्त्रीची बायको म्हणाली. पुढे केलेली खुर्ची तिला दिसलीच नाही. ती उभीच राहिली.

नाना तीस वर्षं विमा कंपनीसाठी मोडक्या गाड्या तपासत आले होते. आता खाजगी तपास करत. शेजारचे मास्तर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, वही घेऊन नेहमी त्यांच्याबरोबर असत. समजायला जरा वेळ लागायचा त्यांना, पण एकदा लिहिलेलं कधी खोटं निघायचं नाही.

"काय झालं ते पहिल्यापासून सांगा, ताई."

परवा दुपारी चारला एक मालट्रक गॅरेजमधून निघाला. पुढच्या उतारावर त्याचं पुढचं डावं चाक निखळलं. ट्रक दरीत गेला, ड्रायव्हर जागीच गेला. त्याच चाकाचे ब्रेक आणि बेअरिंग मिस्त्रीनं त्या सकाळी बदलले होते.

"चाकात जुनं बेअरिंग सापडलं म्हणे. यांनी नवं लंपास केलं असं फौजदार म्हणतात. उद्या कोर्टात उभं करणार. नाना, आमच्या घरातला पंखा सहा महिने बंद आहे. का, तर जुना स्क्रू लावायचा नाही! असला माणूस चाकाला जुनं लावेल?"

"पंख्याचा पुरावा कोर्ट घेणार नाही," नाना उठत म्हणाले. "पण मी घेतो."

फौजदारांनी टेबलावर तुकडे मांडले. बाहेरच्या बेअरिंगचे रोलर जळून निळे पडले होते, पण त्यांच्यावरचे जुने खड्डे अजून ओळखू येत होते. ज्या कडीत ते फिरत, ती कडी मात्र नवी. तिच्यावरचा नंबर ठसठशीत. आतलं बेअरिंग सगळंच नवं. नट धरून ठेवणारा वॉशरही नवा, पण त्याचा वाकवलेला कान घडीवर चिरलेला.

नाना गजाआडच्या मिस्त्रीकडे गेले. "काम ब्रेकचं होतं. बेअरिंगला हात का लावलास?"

"ब्रेकचा ड्रम काढला, तर सील गळून ब्रेकचे लायनर ग्रीसनं भिजलेले. रोलरला खड्डे. बघून न बघितल्यासारखं करू? आतलं-बाहेरचं दोन्ही बदलली, कपासकट."

"कप म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"ती टेबलावरची कडी. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, ठोकून बसवतात. तिच्यात रोलरचा पिंजरा फिरतो, त्या अख्ख्या पिंजऱ्याला आम्ही रोलरच म्हणतो. कप आणि रोलर एकमेकांना घासून जुळतात, नवरा-बायकोसारखे. जोडी फोडून दुसऱ्याशी लावली की संसार पेटला म्हणून समजा."

"वॉशरचा कान किती वेळा वाकवलास?"

"एकदाच. दुसऱ्यांदा वाकवायची वेळ आली तर मी वॉशर फेकतो."

"आणि जुनं सामान?"

"पोत्यात घालून, गाडीचा नंबर लिहून खुंटीला. मालकाला दाखवल्याशिवाय मी काही टाकत नाही."

गॅरेजमध्ये पोतं अजून खुंटीलाच होतं. पोलिसांनी ते पाहिलंच नव्हतं. मास्तरांनी ओतलं आणि वहीत लिहिलं: कप दोन, मोठा रोलर एक. एकूण नग तीन.

"दुपारी गाडीजवळ कोण होतं?" नानांनी गॅरेजवाल्याला विचारलं.

"कोण असणार? एक ते दोन आम्ही सगळे मागे जेवायला. गेलेला ड्रायव्हरही तिथंच आडवा झाला होता. त्याचा धाकटा भाऊ तेवढा पुढे होता, स्वतःच्या ट्रकच्या चाकांत हवा भरत. दोघे एकाच मालकाकडे." गॅरेजवाल्यानं हात झटकले. "मी तर फौजदारांना सांगितलं, मिस्त्रीनं काय केलं ते त्यालाच विचारा. सुक्याबरोबर ओलं नको जळायला."

"धाकट्याच्या ट्रकचं काही काम केलंत?"

"हात नाही लावला."

ट्रकमालक चार शब्दांत बोलणी उरकणारा होता. "दोन्ही गाड्या जुळ्या. एका दिवशी घेतलेल्या. धाकटा आठवडाभर डोकं खातोय, डावं चाक रडतंय म्हणून. सांगितलं, पुढच्या महिन्यात बघू."

"थोरल्याची गाडी त्या दिवशी भरलेली होती?"

मालकानं नजर खाली घातली. "रिकामीच जायची होती. गॅरेजमधून निघताना मी वाटेत सिमेंट भरायला लावलं."

तेवढ्यात अंगणात एक ट्रक वळला. लोखंडी सळयांनी शिगोशीग भरलेला, आणि तरी कुठे कुरकुर नाही.

"लोण्यासारखी आली की गाडी!" मास्तर म्हणाले.

धाकटा खाली उतरला. डोळे सुजलेले. "त्या मिस्त्रीला सोडवायला आलात? माझा दादा गेला. फासावर द्या त्याला!"

"तुमच्या चाकाचा आवाज थांबला वाटतं," नाना म्हणाले.

"कसला आवाज? कधीच नव्हता. मला अर्ध्या तासात निघायचंय."

नानांनी ट्रकला एक फेरी मारली. पुढच्या उजव्या चाकाच्या मधल्या टोपीवर चिखलाचे पोपडे होते. डावी टोपी पुसून काढल्यासारखी स्वच्छ, तिच्यावर पान्याचे ताजे ओरखडे.

"मास्तर, फौजदारांना फोन लावा. मिस्त्रीला घेऊन या म्हणावं. आणि ही गाडी जागची हलता कामा नये."

तासाभरात सगळे अंगणात जमले. मिस्त्रीची बायको भिंतीला टेकून उभी होती.

"मिस्त्रीला नवा रोलर लंपास करायचा असता," नाना बोलू लागले, "तर घण घालून कप बदलायचा खटाटोप त्यानं कशाला केला असता? आणि जुना रोलर नव्या कपात घालायची चूक मिस्त्री करत नसतो. ती ड्रायव्हर करतो. त्याला चाक पळवायचं ठाऊक असतं, चाकाच्या पोटातलं नसतं."

"म्हणजे नंतर कुणीतरी उघडलं?" फौजदारांनी विचारलं.

"चिरलेला कान तेच सांगतो. सरळ केला, पुन्हा वाकवला. बाहेरचा रोलर टोपी आणि नट काढला की हातात येतो. कप काढायला मात्र हब उतरवून ठोकावा लागतो. जेवणाऱ्यांना ऐकू गेलं असतं. म्हणून फक्त रोलर गेला. त्याच्या जागी काय घातलं? मास्तर, पोत्यात किती नग?"

"तीन. दोन कप, एक रोलर." मास्तर थबकले. "अरे! रोलरही दोन हवेत. चौथा तुकडा कुठाय?"

"फौजदारांच्या टेबलावर, निळा पडलेला. आता ज्याचं चाक आठवडाभर रडत होतं, ज्याच्या गाडीला कुणी हात लावला नाही, त्याचं चाक एकाएकी गप्प झालं. आणि तो म्हणतो, आवाज कधी नव्हताच. मिस्त्री, उघड."

मिस्त्रीच्या बेड्या काढल्या. त्यानं जॅक लावला, टोपी काढली, नट सोडवला. तळहातावर आलेला रोलर कोरा होता, पण कडेनं निळसर झाक चढू लागली होती.

"जुन्या कपात नवा," तो हळूच म्हणाला. "सळया घेऊन निघाला असतास, तर उतार पार केला नसतास, बाबा."

धाकटा मडगार्डला धरून खाली बसला. "मला वाटलं दादा रिकामा जाणार. रिकाम्याला पोत्यातला जुना चालेल. माझा तर त्याहून खराब होता, आणि माझ्यामागे वीस टनांची फेरी. आल्यावर परत बदलणार होतो." त्यानं तोंड झाकलं. "वाटेतून त्याचा फोन आला. म्हणाला, चाक ओरडतंय, थांबू का रे? मी म्हटलं, नवं आहे, बसेल. चल तू."

मिस्त्रीची बायको पुढे आली आणि नवऱ्याचा ग्रीसनं माखलेला हात तिनं दोन्ही हातांत घेतला. रडली मात्र नाही. समोर दुसऱ्याचं घर बुडत होतं.

फौजदार बेड्या घेऊन वाकले, तसा धाकट्यानं नानांचा पाय धरला.

"फाशी द्या, काही करा. पण माझ्या वहिनीला त्या फोनचं सांगू नका."

नाना त्याच्याजवळ जमिनीवर बसले. बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"मी नाही सांगणार, पोरा," ते म्हणाले. "फौजदार तुला आधी तिच्या दारात नेतील. ते तूच सांगायचंस."