हाडांची साक्ष

ऋतुजानं चहाचा पेला दोन्ही तळव्यांमध्ये धरून उचलला, आणि चुलीपुढं बसलेल्या साधनाच्या काळजाचा ठोकाच चुकला!

बोटं न वळवता नुसत्या तळव्यांच्या आधारानं पेला ओठांपर्यंत न्यायचा… ही रीत या घरात फक्त एकाच बाईला ठाऊक होती. पहाटे बोटं लाकडासारखी ताठलेली असायची, मूठ म्हणून वळायची नाही, तेव्हा सगळ्यांची नजर चुकवून साधना असाच चहा प्यायची. आणि आज तिच्यासमोर तिची एकोणीस वर्षांची लेक, रोज ओतूरच्या मैदानावर पोलीस भरतीचा सराव करणारी, गोळाफेकीत मुलांनाही मागं टाकणारी तिची ऋतू, अगदी तशीच बसली होती!

"ऋतू, मूठ वळ बरं."

"थंडीनं आखडल्यात गं बोटं. ऊन पडलं की व्हत्यात मोकळी."

"मूठ वळ म्हनते ना!"

ऋतुजाची बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. मधल्या बोटांची पेरं सुजून तकतकीत झाली होती. इतके दिवस दाबून धरलेलं रडं त्या पोरीच्या ओठांवर फुटलं. "दिवाळीपासनं गोळा धरवंना गं आई… तुला सांगितलं असतं तर तू भरतीचा नाद सोड म्हनली असतीस…"

म्हणजे लेकीनं आईचा चेहराच नव्हे, तर आईचं दुखणं आणि ते दुखणं लपवायची सवयही उचलली होती! साधनाला वाटलं, आपल्या हाडांतली ही आग आपल्यापुरतीच होती ना रे देवा… ती या कोवळ्या बोटांत कशी शिरली?

डिंगोरे गावातल्या त्या घरात साधना लग्न होऊन आली, तेव्हा तिची नणंद आरती चौथीत होती. सासरे गेणूबाबा आधीच वारलेले, सासू झुंबरबाई दिवसभर शेतात. त्यामुळे आरतीच्या वेण्या घालायच्या, तिचा डबा भरायचा, तिला पाढे म्हणायला लावायचे, हे सारं साधनाकडंच आलं. नणंद-भावजयीचं नातं कधी मायलेकींचं झालं, ते दोघींनाही कळलं नाही. आणि पोरगी तरी कशी! गावातून पहिली, तालुक्यातून पहिली… सोलापूरच्या मेडिकल कॉलेजात तिचा नंबर लागला त्या दिवशी साधनानं सगळ्या आळीला पेढे वाटले होते.

पण त्याच उन्हाळ्यात झुंबरबाईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. त्यात साधनाची बोटंही सुजू लागली, अंगठी निघेना, सकाळी पिठाचा डबा उघडेना. आरतीच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. एके दिवशी ती पुस्तकं बांधून माळ्यावर टाकू लागली. "वहिनी, आई अशी, तुझे हात असे. मी नाही जात. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! गेलेली जागा पुढच्या वर्षी परत मिळत नसते, एवढं साधनाला कळत होतं. तिनं समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, विनवून पाहिलं. पण पोरगी हलेना. तेव्हा मात्र साधनानं काळजावर दगड ठेवला. भरल्या अंगणात, चार बायांच्या देखत ती ओरडली, "तुझं करून करून मी कटाळले! तुझ्या आईचं मी बघीन, पर तू माझ्या डोळ्यांम्होरनं जा. सणावारालाबी येऊ नगंस!"

आरती नुसती बघत राहिली… आईवेगळी झाल्यासारखी. दुसऱ्याच दिवशी ती गेली. साधना गोठ्यात म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून ऊर फुटेस्तोवर रडली. पण बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नव्हती.

तेव्हापासून गावानं, भावकीनं तिला एकच नाव ठेवलं. घरच्या लेकीला घराबाहेर काढणारी बाई! झुंबरबाईला न्हाऊ-माखू घालावं, तिच्या तोंडात घास भरवावा, आणि घास गिळून झाला की त्याच तोंडून ऐकावं, "माझी लेक तोडली हिनं." नवरा ज्ञानेश्वर एका शब्दानं बोलला नाही, पण त्याचं हे न बोलणंच तिला जास्त डसायचं. आरती वर्षा-दोन वर्षांनी यायची, आईपाशी तासभर बसायची, साधनाकडं मान वळवूनही न बघता निघून जायची. अन् साधना? वात आहे, राबून होतंच असं, असं म्हणत कुणी दिलेल्या पुड्या, कुणी सांगितलेली तेलं लावीत राहिली. मोठ्या दवाखान्यात गेली नाही. तिथून बातमी आरतीपर्यंत पोचली असती! आणि ती शिकत होती… मोठी होत होती… साधनाला तेवढ्याच आनंदावर दिवस ढकलता येत होते.

ऋतुजाची मूठ वळली नाही त्याच दुपारी गावची आशा सेविका मंगल दारात आली. "साधनाताई, मंगळवारी शाळंत सांधेदुखीचं शिबिर हाय. पुण्याचे डॉक्टर संशोधन करत्यात म्हनं, गावोगाव फिरून. आन् त्यांच्यात मुख्य कोन हाय, ठावं हाय का? तुमची आरती!"

साधनाचा ऊर अभिमानानं भरून आला. मुख्य! आपली आरती मुख्य! पण तिच्यासमोर जायचं कसं? ती बघील तरी का? मग तिला लेकीची ती अर्धी वळलेली बोटं आठवली, आणि आईच्या मनातला सगळा मानापमान क्षणात गळून पडला.

मंगळवारी शाळेच्या वर्गात रांग लागली होती. मळ्यातल्या बाया, मढ खोऱ्यातून आलेली म्हातारी माणसं, खिडकीशी तपासणीचं टेबल, बाहेर एक्स-रेची गाडी. पांढऱ्या कोटातली आरती ऋतुजाला बघून उठलीच. भाचीचा हात हातात घेऊन तिनं एकेक सांधा हळुवार दाबून पाहिला, आणि तिच्या कपाळावर आठी उमटली. मग मागं उभ्या असलेल्या साधनाकडं न बघताच ती म्हणाली, "मुलीच्या आईला एक विचारायचंय."

मुलीच्या आईला! वहिनी नव्हे… साधनानं तो घावही सोसला.

"घरात, रक्ताच्या नात्यात कुणाला असा त्रास आहे? नीट आठवून सांगा. हा नुसता वात नाही. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, असा आजार आहे हा. घरात कुणाला असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते. आम्ही त्याचाच अभ्यास करतोय, अशा घरांतल्या मुलांमध्ये तो किती लवकर ओळखता येईल याचा. पहिल्या काही महिन्यांत औषध पोचलं, तर सांधे वाचतात. उशीर झाला, तर झिजलेलं हाड परत येत नाही."

साधनाचे हात नेहमीप्रमाणं पदराखाली होते. इतकी वर्षं तिथंच तर त्यांची जागा होती! बोलावं तर सगळं उघडं पडणार… न बोलावं तर लेकीचं नुकसान… तिनं डोळे मिटले, पदर बाजूला सारला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

करंगळीच्या बाजूला वाकून गेलेली बोटं, मुठींवर आलेल्या गाठी, जागच्या जागी गोठलेली मनगटं…

"मला हाय," ती म्हणाली.

आरतीनं त्या हातांकडं पाहिलं, आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदाच वर नजर उचलून वहिनीच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "कधीपासून?" तिनं विचारलं.

"झाली असतील… दोन-तीन वर्सं."

आरतीनं साधनाला एक्स-रेच्या गाडीत नेलं. थोड्या वेळानं फिल्म हातात घेऊन ती परत वर्गाच्या खिडकीपाशी येऊन उभी राहिली. बाहेर मोटारसायकल लावून ज्ञानेश्वर बायको-लेकीला न्यायला दाराशी येऊन थांबला होता.

"वहिनी…" आरती वळली, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मनगटाची सगळी हाडं झिजून एकमेकांत मिसळून गेलीत. हे दोन-तीन वर्षांत होत नाही. याला दहा-बारा वर्षं लागतात. जास्तच. मी सोलापूरला गेले त्या उन्हाळ्यात तुझी अंगठी निघत नव्हती. साबण लावून मीच काढली होती. खरं सांग… तेव्हापासून?"

साधनानं हात पुन्हा पदराखाली ओढले.

"आणि त्याच आठवड्यात तू मला घराबाहेर काढलंस! तुझे असे हात असताना, आई अंथरुणाला खिळलेली असताना, घरातलं हाताशी आलेलं माणूस तू घालवलंस! का? सांग ना वहिनी, का?"

"तू ऱ्हायली असतीस गं…" साधनाचा बांध फुटला. "तू माझ्यासाठी ऱ्हायली असतीस, आरती! गोड बोलून तू जात नव्हतीस. मग मला वाईट व्हावं लागलं… तुझी माया तोडल्याबिगर तुझा पाय निघंना…"

"आणि मी… मी!" डॉक्टर आरती साधना बसली होती त्या बाकाजवळ मटकन खाली बसली, आणि वेण्या घालून घेणाऱ्या पोरीसारखं वहिनीच्या मांडीवर डोकं घालून हमसाहमशी रडू लागली. "मी जगाचे सांधे तपासत फिरले. घरी यायचे तेव्हा तू माझ्यासमोरून पाण्याचा तांब्या घेऊन जायचीस, दोन्ही तळव्यांत धरून… आणि मी रागापायी बघितलंच न्हाई! एकदा जरी बघितलं असतं तरी हे हात वाचले असते गं…"

"रडू नगंस. माझं हात गेलं म्हून काय झालं? ह्या हातांच्या बदल्यात मला काय मिळालं, ते भाईर रांगंत बस्लेल्या बायांना इचार जा."

दाराशी उभा असलेला ज्ञानेश्वर आत आला. आयुष्यात कधी चारचौघांत बायकोचा हात न धरलेला तो अबोल माणूस तिच्यापुढं बसला, तिचे वाकडे हात त्यानं आपल्या हातांत घेतले, आणि एवढंच म्हणाला, "लई एकटी ऱ्हायलीस गं तू…"

त्या संध्याकाळी आरतीनंच आईच्या खाटेवर बसून तिला सगळं सांगितलं. मग साधना जेवणाचं ताट घेऊन आली, तेव्हा म्हातारीनं तोंड उघडलं नाही. डाव्या हातानं चाचपडत ताटातली भाकरी मोडली, तो घास सुनेच्या ओठांशी नेला आणि म्हणाली, "आधी तू खा, बाय."

आरतीनं वहिनीला खोटी आशा दाखवली नाही. वाकलेली बोटं सरळ होणार नव्हती. पण आग थांबवता येणार होती. ऋतुजाच्या रक्तात तो दोष सापडला, तरी एक्स-रेत तिची हाडं मात्र अजून निर्मळ होती! मायलेकींना आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी सुरू झाली. मंगल ठरल्या दिवशी दोघींचं रक्त तपासायला न्यायची आणि सांध्यांची हालहवाल आरतीला फोनवर कळवायची. "सूज कमी झाली म्हणून थांबायचं नाही," आरती बजावायची, "रोग पुरता शांत होईपर्यंत औषध वाढवत न्यायचं. आणि ऋतू, पुढं लग्नाचं, मुलाबाळांचं ठरलं की आधी मला सांगायचं. तेव्हा ही गोळी बदलावी लागते."

"आधी वर्दी, मग लग्न!" ऋतुजा हसून म्हणायची.

उन्हाळा सरता सरता साधनाला पहाटे बोटं दुखल्याशिवाय जाग आली, तेव्हा तिला क्षणभर ते खरंच वाटेना. ती तशीच अंथरुणावर पडून राहिली, न दुखणाऱ्या हातांकडं बघत, डोळ्यांतलं पाणी पुसायचंही विसरून. आणि ऋतुजाचा गोळा ओतूरच्या मैदानावर पुन्हा उडू लागला.

आरतीची माणसं शेजारच्या तालुक्यातल्या गावांत जाऊ लागली, तेव्हा एक अडचण आली. बाया हात दाखवायला लाजायच्या, वात आहे म्हणून उठून जायच्या. मग साधनाच त्यांच्यासोबत जाऊ लागली. लोणीच्या देवळात, मंचरच्या बाजारतळाजवळच्या सभामंडपात ती चारशे डोळ्यांसमोर उभी राहिली, आणि ज्या हातांना जन्मभर पदराखाली कोंडलं होतं ते तिनं उंच करून दाखवले. "बायांनो, बघा! मी लपवलं म्हून ह्ये असं झालं. ही माझी लेक बघा, हिनं येळेत दाखवलं, हिची मूठ बघा!" आणि शेजारी उभी असलेली ऋतुजा मूठ आवळून हात वर करायची. मागच्या खुर्चीवर बसलेल्या आरतीला अशा वेळी समोरचं काही दिसायचं नाही. डोळेच भरलेले असायचे.

श्रावणात पंचमीला आरती चार दिवसांची रजा काढून आली. साधनानं उंबऱ्यातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. अंगणात झोका बांधला होता, स्वयंपाकघरात पुरणाचा वास दरवळत होता, आणि "तू दिंडं लाटायची नाहीत" म्हणून डॉक्टरीणबाई वहिनीच्या हातातून लाटणं ओढून घेत होत्या.

तेवढ्यात शेजारची रतनबाई उंबऱ्यात टेकली. आत डोकावून तिनं खाटेवरच्या झुंबरबाईला विचारलं, "काय गं, लेक आली वाटतं आईकडं, पंचमीला?"

झुंबरबाईनं उशीवरची मान जमेल तेवढी ताठ केली. स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली, "आईकडं न्हाई बाय… माझी लेक तिच्या वहिनीकडं माहेरपनाला आलीय!"