कपाटातलं ऊन

"उन्हासमोर कुठलंच पाप लपत नाही!" राजनंदिनीताई गरजल्या. मग ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून त्यांनी पडदा ओढला आणि तो दांडीसकट मोहनरावांच्या डोक्यात पडला.

मोहनराव हे राजनंदिनीताईंच्या बारामतीतल्या खासगी गुप्तहेर कचेरीतले सहायक. समोर बसलेल्या कुशाबाईंना मात्र हसू आलं नाही.

"माज्या मालकाला चोर ठरवलंय! इंदापूरच्या संशोधन केंद्रावर राखणदार हायेत त्ये. आज सांजच्या मीटिंगीत कामावरनं काढणार, वर पोलिसात देणार. त्या अध्यक्ष आप्पासाहेबाचं तर..." पुढचं मोहनरावांनी आधी लिहिलं, मग खोडलं.

केंद्रावर संशोधक प्राचीनं फिल्म दाखवली. गालिचाएवढी, पण रंग उडून फिकट पिवळी पडलेली.

"सेंद्रिय सौर फिल्म."

"म्हणजे शेणखतावर चालते?" मोहनराव.

"नाही हो काका. कार्बनच्या संयुगांची. ऊन पडलं की वीज देते. मुळात गडद जांभळी. दोन पारदर्शक थरांत हवाबंद ठेवतो, कारण ऊन आणि हवा एकदम लागली की रंग उडतो आणि वीजही संपते. मी सुट्टीवरून आले तर वरचा थर सोललेला, फिल्म कपाटात."

राजनंदिनीताई वाकल्या. फिकट फिल्मवर जागोजागी जांभळी वेटोळी शिल्लक होती.

"कपाटाच्या किल्ल्या?"

"एक राखणदार दत्तोबांकडे, एक आप्पासाहेबांकडे."

दत्तोबानं रागानं किल्ली टेबलावर आपटली. "म्या त्या कपाटाला हातबी लावला न्हाय, ताई. पर राखणदाराचं कोण ऐकतंय?"

केंद्राला सौर पॅनेल विकू पाहणारा सुयोग गेटवरच भेटला. "ती फिल्म मी कशाला बिघडवू? ती आपोआपच मरते," तो म्हणाला. कपाट कुठल्या खोलीत आहे हेही त्याला सांगता येईना.

आप्पासाहेबांच्या बंगल्यावर चहाबरोबर तळलेल्या कुरडया आल्या. तळाशी किंचित जांभळ्या.

"रंग घातलाय वाटतं. झकास!" मोहनरावांनी दोन ताटल्या रिकाम्या केल्या. आप्पासाहेबांच्या मंडळींनी कौतुकानं पिशवीभर न तळलेल्याही बांधून दिल्या.

"दत्तोबानं फिल्म चोराय बघितली, तिचं शील फोडलं," आप्पासाहेब गुरकावले. "कपाटात वारं शिरलं, फिल्म नासली. इषय संपला."

"फिल्म कपाटाबाहेर गेली नव्हती?"

"कपाटातनं हललीच न्हाय! शपथ घिऊ का?"

"नको. तेवढं पुरे."

संध्याकाळी मीटिंगमध्ये राजनंदिनीताईंनी फिल्म टेबलावर पसरली.

"आप्पासाहेब, फिल्म कपाटात नासली म्हणता. कपाटात हवा शिरते, ऊन शिरत नाही. अंधारात नुसत्या हवेनं इतका रंग उडत नाही. म्हणजे ही उघडी फिल्म उन्हात पडली होती."

"मग दत्तोबानंच टाकली आसंल!"

"आता दत्तोबानं टाकली? मगाशी तर हललीच नव्हती." त्यांचा आवाज चढला. "हवा सगळीकडे लागली, तरी ही वेटोळी जांभळी राहिली. का? तिथे काहीतरी ठेवलेलं होतं. त्याच्या सावलीत रंग टिकला. मोहनराव, पिशवी!"

त्यांनी एक कच्ची कुरडई वेटोळ्यावर ठेवली. वाळून जराशी आकसलेली, पण बरोब्बर बसली. दुसरी, तिसरी, सगळ्या बसल्या.

"तुमच्या गच्चीवर कुरडया घालायला चांगलं मोठं प्लॅस्टिक हवं होतं. फुकटचं दिसलं. नव्या वस्तूचं वेष्टन काढावं तसा वरचा थर सोलला. फिल्मचा रंग कुरडयांच्या तळाला लागला. आणि फिल्म मेल्यावर गुपचूप कपाटात ठेवून एका गरीब माणसाच्या गळ्यात चोरी बांधली! लाज वाटत नाही?"

"मंडळी म्हनली, चांगलं गुळगुळीत हाय..." आप्पासाहेब पुटपुटले.

"बायकोवर ढकलू नगा!" कुशाबाई उठल्या. "किल्ली काय तिनं फिरिवली? ज्या तोंडानं चोर म्हनलात, त्याच तोंडानं माफी मागा. हितंच. उभं ऱ्हाऊन."

आप्पासाहेब उठले. दत्तोबासमोर हात जोडताना त्यांचे कान फिल्मच्या मूळ रंगाचे झाले होते. दत्तोबानं टोपी नीट केली आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

प्राची कुरडया गोळा करू लागली. "या कुणी खाल्ल्या तर नाहीत ना? ही रसायनं पोटात जायची नसतात."

कोपऱ्यातून मोहनरावांचा बारीक आवाज आला.

"ताई, जाताना मला जरा दवाखान्यात सोडता का?"