खूण नसलेली अकरा नाणी

पटो वा न पटो, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

रविवार होता. भर दुपार, तीन वाजून दहा मिनिटं. घराखालच्या कारखान्यात मी बाबांची हत्यारं आवरत होते. बाबांना जाऊन एकवीस दिवस झाले होते.

बाबा जुन्या नाण्यांच्या प्रतिकृती बनवायचे. शाळा, संग्रहालयं, हौशी लोक त्या घ्यायचे. प्रत्येक नाण्यावर, राजाच्या मानेखाली, बाबा नकलेची खूण उठवायचे. बारीक वर्तुळ. पोलादी ठशावर हातोड्याचे दोन घाव. पहिला हलका, ठसा जागेवर बसावा म्हणून. दुसरा जोरात.

टिक्. ठक्.

"नक्कल करणं गुन्हा नाही," ते म्हणायचे. "नक्कल आहे हे लपवणं गुन्हा."

त्या दुपारी त्यांच्या खणामागे एक डबा सापडला. आत अकरा नाणी. मुद्दाम काळपट केलेली, कडा झिजवलेल्या.

एकावरही खूण नव्हती.

विक्रीचं काम काका बघतात. मला त्यांचाच संशय आला. हाक मारून खाली बोलावलं.

"काका, खूण तुम्ही घासून काढलीत?"

"मी? अगं, मला पेन्सिलीला धड टोक काढता येत नाही!" ते हसले, पण डब्याकडे बघेनात. "राहिली असेल करायची. माणूस आहे, विसरतो."

"अकरा वेळा?"

"गेलेल्या माणसाची उलटतपासणी नको, वकीलबाई. डबा दे. उद्या गिऱ्हाईक येतंय."

"नकली आहेत म्हणून सांगाल त्याला?"

"विचारलं तर सांगेन की."

मी डबा दिला नाही. काका दार आपटून वर गेले.

आणि माझ्या मागे...

टिक्.

मी श्वास रोखला. लहानपणापासूनची सवय. दुसरा घाव पडला की सोडायचा.

दुसरा घाव पडलाच नाही.

वळून पाहिलं. हातोडा खिळ्याला टांगलेला. ठसा मात्र... ऐरणीवर सरळ उभा होता. कुणी चिमटीत धरल्यासारखा.

मग तो आडवा झाला.

माझी पाचावर धारण बसली. तरी पळाले नाही. बाबांचं काम राहून गेलंय, मी पुरं करते, असं मनाला समजावलं आणि हातोडा उचलला. अकराही नाण्यांवर खूण उठवली.

सगळं शांत झालं. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर रडले. बाबा प्रामाणिकच होते. नुसतं राहून गेलं होतं.

सोमवारी काकांनी डबा उघडला. "चांगल्या मालाची माती केलीस," एवढंच म्हणाले.

पाच दिवसांनी सकाळी फोन आला. एक निवृत्त मास्तर. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी बाबांकडून एक नाणं घेतलं होतं.

"ताई, सांगायला लाज वाटते. पण महिना होत आला, माझ्या कपाटातून आवाज येतो. सुतार आणला. तो म्हणतो, लाकूड ठणठणीत आहे."

"कसला आवाज?"

"टिक्, असा. एकदाच. मग वाटतं, पुढे काहीतरी होणार... होत नाही."

मी विचारलं, "नाण्यावर राजाच्या मानेखाली वर्तुळ आहे?"

"छे हो! अस्सल नाण्यावर कसलं वर्तुळ? तुमच्या वडिलांनी स्वतः खात्री दिली होती. नातीसाठी जपून ठेवलंय मी." ते थांबले. "अस्सलच आहे ना, ताई?"

खरं बोलले असते, तर बाबा कायमचे लबाड ठरले असते.

"हो," मी म्हणाले. "अस्सल आहे."

फोनमध्ये, त्यांच्या पाठीमागून, अगदी स्पष्ट...

टिक्.

आज सकाळपासून फोन सात वेळा वाजला. सातही नंबर वेगळे, सगळे अनोळखी.

मी एकही उचललेला नाही.