पुढच्या रांगेतला माणूस

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या आधीच पदरात घ्या. शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. सिरिलकाकांनी सांगितली तशी लिहितोय. माझं स्वतःचं त्यात काही नाही, शेवटच्या चार ओळी सोडल्या तर.

बँडची तालीम संपली होती. ढोल खोळींत गेले, बासऱ्या पेट्यांत गेल्या. जूनचा शेवट, म्हणजे आमच्या बेलफास्टात अंधार पडायलाच अकरा वाजून गेलेले. आम्ही निघालो तसे काका खुर्चीतून म्हणाले, "बसा रे. उद्या त्या भिंतीसमोरून छाती काढून वाजवत जाणार ना? मग भिंतीचं ऐकून जा." काका गोदीतले जुने वेल्डर. गोष्ट ज्याची, तो रेमंड मक्लर्ग त्यांचा शेजारी.

त्यांनी दिवे मालवले. एकच ठेवला, दाराजवळचा.

साल दोन हजार सोळा. तीस जूनची, गुरुवारची रात्र. दुसऱ्या दिवशी पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईला शंभर वर्षं पुरी होणार होती आणि सगळ्या पूर्व बेलफास्टला देशभक्तीचा ताप चढला होता. ज्यांनी आजोबांच्या थडग्यावर कधी फूल ठेवलं नाही, त्यांनी कोटाला कागदी फुलं टोचली होती.

रेमंड पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दारूच्या गुत्त्यांच्या, आणि कुणी सांगितलं तर भिंतीसुद्धा. गल्लीच्या टोकाची ती बिनखिडक्यांची भिंत त्याला नगरसेवक क्लिफर्ड किंकेडने दिली होती. चित्रं तीन. डावीकडे १९१२ साली ब्रिटनशी एकी राखायची शपथ घेणारे लोक, मधे गोदीच्या फाटकातले कामगार, उजवीकडे खंदकातले शिपाई. या क्लिफर्डला लढाईचं नाव काढलं की भरून यायचं. स्वतः कधी रांगेत उभा राहिला असेल तर टपाल कचेरीत.

"कामगार कसे हवेत," तो रेमंडला म्हणाला होता, "डोक्यावर टोपी, हातात डबा. झेंडा-बिंडा नको."

"ज्यावरून काढायचं त्या फोटोत त्यांच्या हातात कामगार युनियनचा झेंडाच आहे. संपाचा फोटो आहे तो, साहेब. एकोणीसशे एकोणीसचा."

"असेल. संप पूस, कामगार ठेव."

"बरं."

"आणि पुढच्या रांगेत, मधोमध, आमचे आजोबा. टॉमस किंकेड."

"ते फोटोत नाहीत."

"म्हणून तर तुला बोलावलं ना, गड्या! असते तर फोटोच चिकटवला असता की."

रेमंडने मान डोलावली. कारण त्या फोटोत पुढच्या रांगेत मधोमध कोण होतं, हे त्याला माहीत होतं. त्याचा स्वतःचा पणजोबा. जोसायस मक्लर्ग.

जोसायसने १९१२ ची शपथ घेतली होती. सोमला दोन बोटं ठेवून आला होता. परत आल्यावर कामाचे तास कमी व्हावेत म्हणून युनियनचा झेंडा धरला, आणि तो धरताना शेजारचा कॅथलिक आहे की प्रॉटेस्टंट हे पाहिलं नाही. तेवढंच त्याचं चुकलं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये जमाव गोदीत शिरला. कॅथलिकांना हाकललं, आणि त्यांच्याबरोबर जोसायससारख्यांनाही. 'सडके प्रॉटेस्टंट' म्हणायचे त्यांना. जोसायसने पाण्यात उडी टाकली. वरून नट, बोल्ट, रिव्हेट यांचा पाऊस. तो पैलतीराला लागला, स्कॉटलंडला गेला, आणि पुन्हा आला नाही. मागे बायको राहिली, पोर राहिलं, आणि त्या घराला नाव पडलं... सडक्यांचं घर.

रेमंडचा बाप हॅरॉल्ड त्याच घरात म्हातारा झाला. गोदीतल्या धुळीने फुप्फुसं खाल्लेली. नाकात प्राणवायूची नळी. तो रेमंडला म्हणाला होता, "माझ्या आजोबांना मी कधी पाहिलं नाही. एकदा त्या भिंतीवर ताठ उभे बघू दे. मग खुशाल न्या मला."

रेमंडने शब्द दिला. मधल्या माणसाचा देह रंगवला, तोंड कोरं ठेवलं. क्लिफर्डला सांगितलं, "तुमच्या आजोबांचं तोंड शेवटी काढतो. निगुतीचं काम आहे." सकाळी उद्घाटनाला सगळ्या गावादेखत भिंतीवरची ताडपत्री खाली आली की क्लिफर्ड काय करणार होता? नंतर मात्र काय करेल, हे रेमंडला ठाऊक होतं. खिडक्यांच्या काचा जातील. कदाचित गल्लीही सोडावी लागेल. तरी त्याने ठरवलं होतं.

"तोंड तेवढं काढून येतो, बाबा," असं सांगून तो त्या रात्री निघाला.

ताडपत्रीच्या आत परांची, परांचीवर दिवा. गल्ली झोपलेली. रेमंडने फोटो भिंतीला टाचला आणि कामाला लागला. काम चांगलं झालं. कपाळ आलं, डोळे आले, तो एका बाजूला वाकडा असलेला ओठ आला. बापाचाच ओठ. रेमंड दोन पावलं मागे सरला आणि हलकेच म्हणाला, "या, आजोबा."

टप.

त्याला वाटलं, रंग गळतोय.

टप... टप...

पाऊस नव्हता. डबे झाकलेले होते. आणि वास येऊ लागला. खाऱ्या पाण्याचा, यंत्राच्या तेलाचा. गोदीचा वास. गोदी तिथून अर्धा मैल लांब.

"प्यायला होता का तो?" आमच्यातल्या कोरीने मधेच विचारलं.

"रेमंड चहासुद्धा फिका प्यायचा," काका म्हणाले. "आणि तू मधे बोललास तर उद्या ढोल उचलायचा तूच."



रेमंडने मान वळवली. परांचीच्या दुसऱ्या टोकाला माणूस उभा होता. कपडे अंगाला चिकटलेले. कपाळावर खोक, तिच्यातून पाणीच वाहत होतं, रक्त नाही. उजव्या हाताला तीन बोटं.

तो रेमंडकडे बघत नव्हता. भिंतीकडे बघत होता.

"हे कोण?"

"तुम्ही..."

"मी कळतोय मला. हे बाकीचे कोण, ते विचारतोय."

"तुमचे... सोबती."

तो माणूस हसला. हसताना तोंडातून पाणी आलं. मग एकेका चित्रावरून बोट फिरवत चालू लागला. फळ्या वाजत नव्हत्या. फक्त टप... टप...

"हा विली. माझ्या झेंड्याचा दांडा याने धरला होता. पुढच्या वर्षी त्याच दांड्याने मला हाणलं. हा मिशीवाला. मी पाण्यात धडपडतोय, तर वरून ओरडतो, बघा, लाल पुढारी पोहायला शिकला! आणि हा, शपथ घेणारा. सही करताना ढसाढसा रडला होता. फौजेतल्या भरतीच्या दिवशी याचा पाय दुखत होता. चार वर्षं दुखत होता बिचाऱ्याचा."

मग तो मधल्या आकृतीपुढे थांबला.

"ही जागा कुणाची होती?"

"टॉमस किंकेडची. त्यांच्या नातवाने..."

"टॉमस! पहिला बोल्ट त्याचा. नेम चांगला होता त्याचा. शिपाई झाला असता, पण तिकडून कोणी परत मारतं, म्हणून गेला नाही."

"म्हणूनच तुम्हाला काढलं, आजोबा! मधोमध! शंभर वर्षांनी का होईना, न्याय..."

"यांच्यात?"

रेमंड रांगेतल्या तोंडांकडे बघू लागला.

"पोरा, मी ते पाणी पोहून गेलो. कशाला? परत यांच्याच रांगेत उभं राहायला?"

"पण बाबा... त्यांचे दिवस भरलेत. त्यांना एकदा तुम्हाला इथे..."

"हॅरॉल्डला सांग. मी इथे नाही."

त्याने भिंतीवरच्या स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं.

"काढ मला."

"रंग... वाळलाय."

"हं." त्याने ती तीन बोटं भिंतीला लावली. "मग माझा मी जातो."

दिवा गेला.

काळोख. टप... टप...

टप...

मग तेही नाही.

रेमंड शिडी कशी उतरला ते त्याला आठवत नव्हतं. घरी बाप जागा होता. "झालं?" त्याने विचारलं. रेमंड म्हणाला, "झालं." आणि उजाडेपर्यंत त्याच्या पायाशी बसून राहिला.

सकाळी गल्लीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. पदकवाले म्हातारे, बँड, कॅमेरे. हॅरॉल्डला चाकाच्या खुर्चीवर पुढे आणलं होतं, नळीसकट. क्लिफर्डने भाषण ठोकलं. आपली एकी, आपलं रक्त, आपला घाम. घाम म्हणताना त्याने रुमालाने मान पुसली. मग दोरी ओढली.

ताडपत्री खाली आली. आणि टाळ्या अर्ध्यावर थांबल्या.

शपथ होती. शिपाई होते. कामगारही होते. पण मधे, पुढच्या रांगेत, माणूस नव्हता. टोपीपासून बुटांपर्यंत माणसाच्या आकाराच्या नुसत्या विटा. खरवडलेल्या नाहीत, पुसलेल्या नाहीत. जुन्या, लाल, जणू कुंचला तिथे कधी पोचलाच नव्हता. बाजूचे दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते, कुणाच्याच खांद्याला.

"माझे आजोबा कुठायत?" क्लिफर्ड किंचाळला. ध्वनिक्षेपक चालूच होता.

गर्दीतून एक बाई ओरडली, "लढाईच्या वेळी होते तिथेच असतील, क्लिफर्ड!"

हशा उसळला. पदकवालेसुद्धा हसले. क्लिफर्डचा चेहरा बीटासारखा झाला. "रंगव! आत्ता! माझ्यासमोर!"

रेमंडने त्याच्यापुढे कुंचला धरला. "तुमचे आजोबा. तुम्हीच काढा."

आणि त्या गाढवाने घेतला. कोट घालून शिडी चढला आणि विटांवर रंग थापला. रंग राहिला नाही. मेणावरून पाणी जावं तसा घसरला. पुन्हा थापला, पुन्हा घसरला. सगळा त्याच्या चकचकीत बुटांवर. बँडवाल्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू केलं. क्लिफर्डला हातातला कुंचला घेऊन शिडीवरच सावधान उभं राहावं लागलं.

रेमंडचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. तो बापाकडे बघत होता. दिलेला शब्द तिथे भिंतीवर उघडा पडला होता, विटांचा. तो खुर्चीशी वाकला. "बाबा, मी काढलं होतं त्यांना. शपथेवर सांगतो. पण..."

हॅरॉल्ड थरथरत होता. रेमंडला वाटलं, रडतोय. मग कळलं, हसतोय. नळी नाकातून निसटेपर्यंत हसत होता.

"अरे, हेच ते!" तो म्हणाला. "आजी सांगायची ना, यांच्या रांगेत पुन्हा उभे राहायचे नाहीत ते, अगदी तसेच. हुबेहूब!"

काका खुर्चीत मागे टेकले. 

"मग?" कोरी म्हणाला.

"मग काय. हॅरॉल्ड त्याच महिन्यात गेला. समाधानाने. त्या भिंतीला कमिटीने किती हात दिले, चुना म्हणू नका, गिलावा म्हणू नका, मधे काही टिकलं नाही. जा आता घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुसळधार पाऊस होता. बँड जमायच्या आधी मी एकटाच बासरी घेऊन भिंतीपाशी गेलो. सगळी भिंत निथळत होती, विलीच्या आणि मिशीवाल्याच्या तोंडावरून पाणी वाहत होतं. मी मधल्या विटांवर हात ठेवला. कोरड्या होत्या. इतक्या कोरड्या, की तळव्याला लाल धूळ लागली. लांबून ढोल ऐकू येऊ लागले. मी बासरी पेटीत घातली, रस्ता ओलांडला आणि घरी गेलो. त्या दिवशी मी वाजवलं नाही.